नाल्याकाठच्या पाच चिंचा

रवि. ९ फेब्रु.
शाळेच्या वळणावर वानरीण गेली. विजेच्या तारेला चिकटून. महिन्यामागं तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगांनी चिंचा होत्या, वर फांदीला फांदी लागलेली. टोळी वरच्या वर रस्ता ओलांडायची, जमिनीला पाय लागत नव्हता. रस्ता रुंद करायला त्या तोडल्या. आता मधल्या तारेवरून जायला बघतात.

मी गिरणीतून दळण घेऊन येत होते. वानरीण खाली पडलेली, पोटाला पिल्लू. जितं. बाकीची शाळेच्या पत्र्यावर बसून दात विचकत होती, माणसं मोबाइल धरून उभी. कुणी हात लावेना. डबा खाली ठेवला. एक हात सोडवला की दुसरा आईच्या केसात. बोटं बारीक, पण पकड असली की घाम फुटला. पदरात गुंडाळून आणलं. दळण तिथंच राहिलं, शेजारच्या रुक्मीनबाईनं नंतर आणून दिलं.

द. बाजेवर पडून, आठवडाभर बायकोशी, माझ्याशी बोलत नव्हते. भिंतीकडं तोंड. पदर उघडला तेव्हा मान वळवली.
"उताणं धरू नको त्याला. वानराचं पोर उताणं झालं की त्याला वाटतं पडलो."

सोम. १०
अंगणवाडीच्या काट्यावर, लेकरांच्याच झोळीत घालून तोललं. एक किलोला थोडं कमी. वजन लिहायला रजिस्टर उघडलं होतं, मिटलं.
मादी आहे. तीन महिन्यांची असेल असं द. म्हणतात, तोंडाकडचा काळा रंग फिका होऊ लागलाय म्हणून. शेळीचं दूध चमच्यानं घेईना. कापसाचा बोळा भिजवून दिला, चोखला. नाव ठेवायचं नाही असं दोघांचं ठरलं.

गावानं आईची मिरवणूक काढली. ट्रॅक्टर, हार, गुलाल. मारुतीच्या देवळामागं पुरली. बाया पिल्लाला बघायला आल्या, एकीनं माझ्या कडेवरच्या पिल्लाच्या पाया पडून घेतलं. चिंचा तोडताना ह्यातलं कुणी आलं नव्हतं. मी पण नव्हते आले. अंगणवाडीत बसून करवतीचा आवाज ऐकत होते आणि लेकरांना म्हटलं, मोठ्यानं गाणं म्हणा.

बुध. १२
वनरक्षक केकाण मोटरसायकलवर आले. तरुण आहेत, आवाज मऊ.
"ताई, घरात ठेवता येत न्हाई. गुन्हा होतो."
"मग न्या."
नेतो म्हणाले नाहीत. बाजेच्या कडेला टेकले. नेलं तर लांबच्या केंद्रात जाईल, पिंजऱ्यात वाढेल. तसं वाढलेलं एक त्यांनी पाहिलंय. चार वर्षांचं झालं, पिंजरा उघडून झाडावर सोडलं तर खोडाला धरून ओरडत बसलं. फांदी म्हणजे काय ते त्याला माहीतच नव्हतं.
"टोळीत घालता आलं तर बघा. मी पंधरा दिवस आलो नव्हतो असं समजा."
जाताना दुसरं सांगितलं. नाल्याकाठच्या पाच चिंचांवर पण तोडायचे लाल आकडे पडलेत. टोळी आता तिथंच झोपते. त्या गेल्या की टोळी डोंगराकडं निघून जाणार, मग पिल्लू द्यायचं कुणाला.
त्या पाचातल्याच तिसरीवरून द. पडले. परवा दोन वर्षं होतील.

शनि. १५
काल दोन वर्षं झाली. दोघांनीही विषय काढला नाही.

पाठीची जखम पुन्हा ओली. सकाळी ड्रेसिंग. कूस बदलताना ओठ चावतात. दिवाळीत एकदा म्हणाले होते, "मला कपिलधारला न्यून धबधब्यावरून सोड अन् तू घरी ये."   तेव्हापासून रोज कामावरून परत येताना घराचं दार दिसेपर्यंत भरभर चालते.

पिल्लू अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीवर ठेवून बघितलं. हाताला येईल एवढीच उंच फांदी. किंचाळत माझ्या डोक्यावर, डोक्यावरून मानेवर. आज तीनदा, तिन्ही वेळा तेच. झाडाला भिणारं वानर.

सोम. १७
पत्र्याच्या अँगलला दोर बांधलाय, द.ना उठून बसायला. कमरेखाली काही नाही, पण दंड अजून चिंच झोडपणाऱ्याचेच. सकाळी ते दोर धरून उठत होते आणि पिल्लू त्यांच्या छातीवर होतं. उठता उठता ते छातीवरून दंडावर, दंडावरून दोरावर. वीतभर चढलं. मग कळलं कुठं आलोय, आणि लटकून ओरडायला लागलं.
मी धावले. द. म्हणाले, "थांब. हात लावू नको."
लटकलं.  मग स्वतःच पाय वर घेऊन दोर धरला.
द. हसले नाहीत, पण दुपारी एक भाकरी जास्त खाल्ली. 

मंगळ. १८
आज शिकवण सुरू. दोर हलवायचा, आधी थोडा, मग जास्त. "फांदी कधी गप नसती. गप दोरावर शिकली तर वाऱ्यात पडंल."
मग बराच वेळ बोलत राहिले. दोन वर्षांत एवढं बोलले नसतील. वीस वर्षं झाडावर टोळीच्या शेजारी बसून काढली, एका अंगाला हे, दुसऱ्या अंगाला ती, मधे चिंच. वानर उडी मारायच्या आधी फांदी दोन-तीन डाव हलवून बघतं. फांदी खाली जाऊन वर आली की सुटतं. ज्या फांदीवर पडायचं तिच्याकडं बघत नाही, तिच्या पुढची बघतं. झोपताना बुंध्याशी नाही, पार शेंड्याला, जिथं बिबट्याचं वजन पेलत नाही तिथं.
मी विचारलं, तुम्ही हलवून बघितली नव्हती का त्या दिवशी.
"न्हाई."
दोर हलवता हलवता, "घाई होती. चिंचेची फांदी मोडत न्हाई असं मीच सगळ्यांना सांगायचो. आतून पोकळ होती."

शुक्र. २१
वानरिणीचा तेरावा. देवळापुढं पंगत, बुंदी, भात. अंगणवाडीच्या लेकरांना पण बोलावलं, न्यावं लागलं. पंगतीत ग्रामसेवकांना विचारलं, नाल्यावरच्या चिंचा राहतील का. म्हणाले, मंजुरी वरून आली, गावाच्या हातात काही नाही. अजून बुंदी घ्या.
घेतली नाही.

पिल्लू दोराच्या टोकापर्यंत जातं. अँगलवर बसतं. खाली यायला मात्र मी लागते.

रवि. २३
द. सकाळी म्हणाले, "मला चिंचंखाली न्या."
ऐकलं ते खरं वाटेना. दवाखाना सोडून घराबाहेर दोन वर्षांत पहिल्यांदा. रुक्मीनबाई, तिचा नवरा, केकाण आणि मी, चौघांनी बाज उचलली. नाल्यापर्यंत चार ठिकाणी टेकवली. तिसऱ्या चिंचेकडं बघतील का, ह्या भीतीनं मी त्यांच्या तोंडाकडंच बघत होते. बघितलं. खालून वरपर्यंत, सगळी.

टोळी वर होती. अठरा-वीस. द. तासभर नुसते बघत राहिले. मग बोट केलं. एक मादी, डाव्या कानाचा तुकडा गेलेला.
"तिच्या थानाला दूध हाय, अन् पोर न्हाई. तिचं कुत्र्यांनी न्हेलं असंल, तोडणीच्या वक्ताला खाली उतरावं लागलं तवा. बग, दुसरीचं पोर सारकं ओढून घ्यायलीय."
तुटक्या कानाचीला पिल्लू द्यायचं. पण कसं.

मंगळ. २५
टोपलीत चिंधी घालून, पिल्लू आत, शिडीवरून चिंचेच्या पहिल्या दुबेळक्यात, दोन फांद्या फुटतात तिथं, ठेवलं. आम्ही लांब. तुटक्या कानाची आली, टोपलीभोवती दोन फेऱ्या, हुंगलं. टोपली उपडी केली. पिल्लू किंचाळत बुंध्यावरून घसरत खाली, आमच्याकडं पळत. एक कुत्रं मधून धावलं. केकाणांनी काठी फेकली म्हणून वाचलं. हातभराचं अंतर होतं.
घरी आणेपर्यंत माझ्या कपड्यावर मुतलं, थरथर थांबेना. 

द. काही खाईनात. "टोपलीत कामून ठेवलं आपण? वानराचं पोर टोपलीतून कुणी घेत न्हाई. फांदीवरून घेतेत. तिला वर न्यून फांदीला लावून द्यायला पायजे."
केकाण म्हणाले त्यांचा खांदा उतरलेला आहे, चढता येत नाही. आणि ती त्यांच्याजवळ थांबत पण नाही, मला नाही तर द.ना चिकटते.
दोघांनी माझ्याकडं बघितलं. मग मलाच कळलं, चढणार कोण ते.

गुरु. २७
चढले.

तारखेनिशी लिहून ठेवते, नंतर मलाच खोटं वाटेल. वय त्रेचाळीस. जन्मात झाडावर चढले नाही, बाळंतपणानंतर शिडीला पण भिते. पोरीचा जुना पंजाबी ड्रेस घातला. ओढणीनं पिल्लू पोटाला बांधलं. पोरगी लातूरला नर्सिंग करते, तिला कालच फोन केला होता. "आई, तुला येड लागलंय का? तुला काही झालं तर पप्पांकडं कोण बघणार?" बरोबर बोलली.  मी फोन ठेवला.

शिडी दुबेळक्यापर्यंत. पुढं द. खालून सांगत, त्यांची बाज पुन्हा उचलून आणली होती.
"डावा पाय. ढोपर न्हाई, पाय ठिव. हात वरच्या गाठीला. हलवून बग."
हलवली.
"कशी वाटली?"
"घट्ट."
"आता वजन टाक. खाली बगू नको. सुमन, खाली बगू नको म्हनलं न्हवं."
साल हाताला सोलून काढत होती. मधे एकदा पाय नुसताच हवेत. मी धरलं, आणि पोटावरच्या पिल्लानं मला धरलं. त्या वेळी द.चा आवाज आला नाही. रुक्मीनबाई नंतर म्हणाली, त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

किती उंच गेले माहीत नाही. टोळीनं जागा सोडली, वरच्या अंगाला सरकली, खॉक खॉक. तुटक्या कानाची तेवढी दोन फांद्या पलीकडं बसून राहिली. ओढणी सोडली. पिल्लाचे हात फांदीला लावायचे तर एक सोडवला की दुसरा माझ्या कुडत्यात. त्या दिवशी आईपासून सोडवलं तसंच. माझ्याच्यानं होईना. रडायला लागले वरच.
खालून द., "बोटं सोडव. तुला सुटना तर तिला कशी सुटंल?"
सोडवली. एकेक.
मी दोन हात खाली उतरले असेन. पिल्लानं फांदीला घट्ट धरून जी आरोळी दिली, तशी कधी ऐकली नव्हती. फांदी दबली. तुटक्या कानाची आली, एका हातानं उचललं, पोटाशी लावलं. माझ्याकडं बघितलं. मग फांदी हलवली, एकदा, दोनदा, आणि सुटली. दुसऱ्या चिंचेवर. पिल्लू पोटाला. पडलं नाही.

कशी उतरले आठवत नाही. तळहात सोललेत, पेन धरवत नाही. द.नी माझे हात त्यांच्या हातात घेऊन हळद लावली. 

शनि. १ मार्च
पिल्लू तिचं दूध पीत आहे. केकाणांच्या दुर्बिणीतून बघितलं. दुसऱ्या दोन माद्या पण घेतात त्याला, हातोहात. संध्याकाळी पार शेंड्याला, तुटक्या कानाचीच्या मांडीत.
घरात दोर नुसता लोंबतोय. द. उठताना त्याच्याकडं बघतात.

मंगळ. ४
आभाळ फाटलं.
बाहेरचा नर आला. दांडगा, तोंडावर जखम. टोळीचा जुना नर, हुप्प्या, सकाळपासून दिसत नाही, रक्त सांडलेलं शाळेमागं. द.ना सांगितलं तर ते पांढरे पडले.
"नवा हुप्प्या आला की अंगावरची पोरं मारतो. सगळी न्हाई मारत दर वक्ताला. पन मारतो."
"मग खाली आणते तिला."
"कशी आनशील? आता ती तिची झाली."
मी त्यांच्यावर ओरडले. दोन वर्षांत पहिल्यांदा. तुम्हाला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर चढली असतीस का?"

गुरु. ६
नाल्यात एक पिल्लू मेलेलं. मानेला दात. उचलून बघताना डोळे मिटून घेतले, मग उघडले. आपलं नाही. नर होतं.
आपलं नाही म्हणून बरं वाटलं. त्याची पण आई वर बसून बघत होती.

शुक्र. ७
तुटक्या कानाची दिसली. टोळीपासून वेगळी, पाचव्या चिंचेच्या टोकाला, पाठ करून. पिल्लू आहे. नर जवळ आला की ही बारीक फांदीवर जाते, जिथं त्याचं वजन पेलत नाही. तो फांदी हलवतो. ही धरून बसते. दिवसभर हाच खेळ. ती खायला कधी उतरते कळत नाही.
पाच झाडं आहेत म्हणून तिला पळायला जागा आहे. द. हेच सारखं म्हणतात, पाच आहेत म्हणून.

सोम. १०
मशीन आलं. केकाणांनी अर्ज दिला होता, टोळीत पिल्लं आहेत, महिनाभर थांबा. उत्तर नाही. मुकादम म्हणाला, माझ्याकडं थांबवायचा कागद नाही.
सकाळी पहिली चिंच पाडली.

द. म्हणाले, "बाज उचला."
मी म्हटलं, ताप आहे तुम्हाला. खरंच होता, कालपासून. जखमेला वास येतोय.
"उचला म्हनलं."
पाचवीच्या बुंध्याला लावून ठेवली. मुकादम येऊन उभा राहिला.
"काका, हितून हटावं लागंल."
"हटव की. उचल मला. तुझ्या मशीननं उचल."
मशीन बंद केलं. गाव गोळा झालं. गुलाल उधळणाऱ्यांपैकी पाच-सहा जण बाजेशेजारी खाली बसले, सरपंचांचा भाऊ पण. बाकीचे लांबून. बसले तेवढे बसले.

मंगळ. ११
दुसरा दिवस चिंचेखाली. मी ओढणीची सावली केली. ताप उतरेना. द. उताणे, डोळे वर. मला सांगत होते, आता ती उजवीकडं गेली, आता तो मागं लागला, आता सुटली. मला काही दिसत नव्हतं, पाला तेवढा. दुपारनंतर त्यांचं बोलणं तुटायला लागलं. फांदी हलव, म्हणाले मला. मी कुठं होते फांदीवर.
डॉक्टर गावात आले होते, जखम बघून म्हणाले, आजच न्या, उद्या नको.
मी बाजेचा पाय धरून बसले. नेलं तर झाड जातं. नाही नेलं तर. किती वेळ बसले असेन, पाच मिनिटं, दहा. ती दहा मिनिटं मला आयुष्यभर पुरतील. नवरा तापानं फणफणलाय आणि बाई झाडाकडं बघतेय.
गाडी बोलावली. उचलताना त्यांनी बुंध्याला धरलं. बोटं मीच सोडवली.

गुरु. १३
अंबाजोगाई. दवाखाना. आज होळी, पोरगी लातूरहून आलीय. जखम साफ केली, सलाइन, तीन इंजेक्शनं. विष रक्तात गेलंय म्हणतात, दोन दिवस बघू. द. मधे मधे शुद्धीवर.

दुपारी केकाणांचा फोन. चार पाडल्या. पाचवी उभी आहे, रुक्मीनबाई आणि काही जण अजून खाली बसलेत, पण उद्याचं सांगता येत नाही. टोळी डोंगराकडं गेली. नवा नर पण गेला. तुटक्या कानाची एकटी वर राहिली आहे. दोन दिवस झाले, उतरली नाही.
"पिल्लू?"
"पोटाशी धरलंय ताई. पन..."
मेलेलं पिल्लू पण माद्या दिवस दिवस घेऊन फिरतात. ते मला पण माहीत झालंय आता.

द.नी डोळे उघडले होते. हात केला. फोन त्यांच्या कानाला लावला, आवाज मोठा केला.
"केकान. शेपटी दिसती का तिची? पोराची?"
"दिसती काका. खाली लोंबायलीय."
"हलती का?"
 फोनमधून मशीनचा आवाज, लांबून.
"हलली. काका, आत्ता हलली."
द.नी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग ओठ हलले, मी वाकून फोन जवळ धरला.
"वारं हाय का तिथं?"
 मी म्हटलं, सांगा.
"वारं तर हाय, ताई."